शेरीची तोंडओळख

"वाइनमध्ये थोडं स्पिरिट घातलं की ती शहाणी होते," एवारिस्तो म्हणाला. "माणसाचं उलटं होतं. एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धा वर्ग झाला."

स्पेनमधल्या हेरेसच्या त्या उंच, अंधाऱ्या वाइनच्या कोठारात बाकांवर बसलेली मंडळी हसली. घरच्या घरी कॉकटेल कसं करावं हे शिकायला सेव्हियाहून आलेली हौशी माणसं. कोठाराच्या मालकीणबाईंनी हा वर्ग आजच सुरू केला होता, आणि शिकवायला एवारिस्तोच हवा होता. तो कोठाराचा मुख्य, आणि त्याचं नाक गावात प्रसिद्ध. शेरी, म्हणजे ही स्पिरिट घातलेली वाइन, पारखायची ती नाकानं. तोंडाला लावतं ते गिऱ्हाईक, असा तिथला रिवाज. कोठारातल्या माणसानं घोट घेणं म्हणजे पाद्र्यानं प्रार्थना चालू असताना घड्याळ बघणं.

ते नाक हिवाळ्यातल्या तापात गेलं होतं. हे फक्त त्याच्या बायकोला, आंगुस्तियासला ठाऊक होतं. नाक गेलं की कोठाराच्या किल्ल्या खाली ठेवायच्या आणि काम सोडायचं. आधीच्या मुख्यानं मुकाट ठेवल्या होत्या, आणि पुढचा नाताळ काही त्याला दिसला नाही.

म्हणून आंगुस्तियास पहिल्या बाकावर बसली होती, शिकायला आल्यासारखी. पहिला ग्लास तिच्या हातात. वास घेऊन तिनं हातातला घडीचा पंखा उघडला की वाइन ठीक. मिटला की एवारिस्तोनं दुसऱ्या पिंपाकडे वळायचं. वसंतात ती रोज त्याचा डबा घेऊन यायला लागली, तेव्हापासून कोठार असंच चाललं होतं.

एवारिस्तोनं लांब दांडीची पळी खालच्या पिंपात सोडली आणि डोक्याच्या उंचीवरून बारीक धार ग्लासात धरली. एक थेंब सांडला नाही. टाळ्या पडल्या. पंखा उघडला.

"ही आमची सगळ्यात फिकी आणि सगळ्यात कोरडी, गोडीचा अंशही नाही. एकावर एक रचलेली पिंपांची ही रांग मालकीणबाईंच्या पणजीची. खालच्या थरातून थोडी काढायची, तेवढीच मधल्यातून भरायची, मधल्यात वरच्यातून. पिंप कधी रिकामं करायचं नाही. त्यामुळे पणजीबाई अजून थोड्याशा आत आहेत."

"मास्तर, जिनमध्ये किती घालायची?" एका दंतवैद्यानं विचारलं.

"जिन जास्त, ही कमी. पाहुणा लवकर उठावा असं वाटत असेल तर फक्त ही."

दंतवैद्यानं घोट घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हां," तो म्हणाला. "कोरडी आहे."

"कोरडीच," शेजारचा म्हणाला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. अडाणी कोणालाच दिसायचं नव्हतं. माना डोलू लागल्या.

प्रुदेन्सियाबाई निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना तसली भीती नव्हती. "मला बाई आवडली! टोमॅटो-काकडीवर काय छान लागेल!"

एवारिस्तोनं पंख्याकडे पाहिलं. पंखा सताड उघडा होता, वर हलतही होता.

मग त्यानं त्या कोठारात कधी केलं नव्हतं ते केलं. ग्लास तोंडाला लावला. नाक गेलं होतं, जीभ जागेवर होती: निव्वळ व्हिनेगर.

शेजारच्या पिंपातली काढली. तीही तशीच. त्याच्या पलीकडची, मग शिडीवर चढून मधल्या थरातली. मंडळींना वाटलं, हाही वर्गाचाच भाग असणार. मधल्या थरातल्या एका पिंपाला आंब लागली असेल. ती वसंतात त्यानंच, स्वतःच्या हातानं, नेहमीच्या निगुतीनं, खालच्या एकूणएक पिंपांत वाटली होती.

तो खाली उतरला आणि बायकोचा ग्लास भरायच्या निमित्तानं वाकला.

"अगं, तुला वास कधीपासून येत नाही?"

"तुझ्याबरोबरच गेला." तिचा पंखा अजून हलतच होता. "तापात एकाच खोलीत पडलो होतो ना आपण."

"आणि बोलली नाहीस?"

"तू इतक्या विश्वासानं ग्लास पुढे करायचास. मी म्हटलं, आतापर्यंत कधी खराब निघालीय?"

"सगळी गेली, आंगुस्तियास. खालची सगळी."

पंखा थांबला. मिटायचा की उघडा ठेवायचा, हे तिला कळेना.

"काही बिघडलंय का, मास्तर?" दंतवैद्यानं आदरानं विचारलं.

एवारिस्तो सरळ झाला. कंबरेच्या किल्ल्या त्यानं काढल्या, पिंपावर ठेवल्या आणि हात पुसले. मंडळींनी पेनं सरसावली; आता काहीतरी महत्त्वाचं येणार, असं त्यांना वाटलं. प्रुदेन्सियाबाईंनी बोट वर केलं.

"एक शंका होती. बाटली घरी नेली, उघडली, तर किती दिवस टिकते हो?"

"ही?" एवारिस्तो म्हणाला. "कायमची, बाई. हिचं जे व्हायचं होतं ते होऊन गेलंय."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं.