छातीवरची ओळ

"गोळी छातीत न्हाई लागली. पाठीत लागली," छबुबाई म्हणाल्या, आणि कोणीतरी पटकन स्पीकर बंद केला.

सायलीच्या हातातला माईक तसाच राहिला. उद्या सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. गावच्या वेशीजवळ हुतात्मा सुंदररावांचं स्मारक आहे. स्मारक म्हणजे काय, एक चौथरा आणि त्यावर उभा केलेला काळा दगड. त्याच्यापुढे दरवर्षी झेंडा आणि भाषणं होतात. यंदा सायलीचं रॅप होणार होतं आणि त्याचीच तालीम चालली होती. कड्याच्या बाजारातून आणलेला स्पीकर चांगला दणदणीत होता. 'गोळी रझाकाराची त्यानं झेलली छातीवर, नाव त्याचं कोरलंय आमच्या गावच्या मातीवर' ही ओळ आली की पोरं शिट्ट्या मारायची. नेमकं तिथेच म्हातारीने तोंड घातलं.

दुसरी कोणी असती तर हसून पुढे गेली असती. पण सायलीला मागचं गाणं चांगलंच महागात पडलं होतं. त्यात तिने यमक जुळावं म्हणून एका लढाईचं साल दोन वर्षं पुढे ढकललं, तर लोकांनी कमेंटमध्ये तिला सोलून काढलं. लाज वाटली ती त्यांच्या शिव्यांची नाही. ते बरोबर होते, याची. यमकासाठी पुन्हा खोटं गायचं नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं. या गाण्यातली ओळ न् ओळ तिने स्मारकावरच्या पाटीवरून पडताळून घेतली होती. पाटीवर 'छातीवर गोळी झेलून' असंच कोरलेलं होतं.

छबुबाईंचं घर वेशीला लागूनच. तरुणपणीच कपाळ पांढरं झालं आणि त्या भावाकडे परत आल्या, त्या इथल्याच झाल्या. त्यांची एक गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. सतरा सप्टेंबरला सगळे दगडाला पुढून हार घालायचे आणि या मात्र मागे जाऊन दगडाच्या पाठीला हळदीकुंकू लावायच्या. म्हातारीला दिसत नाही, असं म्हणून गाव मोकळं व्हायचं. चौथरा रंगवणारा दरवर्षी तो डाग पुसून काढायचा.

विजयसिंह खुर्चीवरून उठले. सुंदरराव त्यांच्या आजोबांचे धाकटे भाऊ. गावचा कार्यक्रम म्हणजे त्यांच्याच घरचं कार्य. त्यांनी आवाज चढवला नाही. छबुआत्या तेव्हा सहा वर्षांच्या, इतकं लहान लेकरू काय ध्यानात ठेवणार, असं त्यांनी हसत सगळ्यांना सांगितलं. मग सायलीला बाजूला घेतलं.

"पाठीत गोळी म्हणजे लोक काय समजतात, तुला सांगायला नको," ते म्हणाले. "आमच्या घरानं हे नाव लई जपलंय. छातीच राहू दे. न्हाई जमत तर गाणं राहू दे."

एवढं बोलून ते मांडववाल्याकडे निघून गेले. त्यांची नजर खाली होती. सायलीला कळून चुकलं, की म्हातारी खरं बोलतेय आणि हे विजयदादांना आधीपासून माहीत आहे.

तिला मनापासून वाईट वाटलं. सुंदररावांसाठी वाटलं, आणि स्वतःसाठीही. दसरा झाला की तिचे आई-बाप ऊसतोडीला जाणार होते. लेकीला एकदा गावाच्या मंचावर बघू आणि मग निघू, म्हणून आईने ठेवणीतली साडी आत्ताच उन्हात टाकली होती. छाती म्हणावं तर खोटं. पाठ म्हणावं तर ज्याचं गाणं त्याचीच अब्रू जाणार. आणि गप्प बसावं तर आईची साडी पुन्हा ट्रंकेत.

ती चौथऱ्याला वळसा घालून मागे गेली. छबुबाई तिथे दगडाच्या सावलीत बसल्या होत्या. उद्या गर्दीत सुचायचं नाही, म्हणून हळदीकुंकू आजच लावून घेत होत्या. सायली त्यांच्या शेजारी टेकली. आत्या, तुम्ही चुकत तर नाही ना, असं तिने हळूच विचारून पाहिलं. छबुबाईंनी 'न्हाई' म्हणून मान हलवली.

"मग ते पळत व्हते का?"

"पळतच व्हता."

सायलीच्या लेखी गाणं संपलंच होतं. तरी विचारल्याशिवाय तिच्याने राहवेना.

"कावून, आत्या? कशापायी पळत व्हते? सगळे म्हणतात, ते कुणाला भीत नव्हते."

छबुबाईंनी बोटाचं कुंकू पदराला पुसलं. रझाकार आले तेव्हा सगळं गाव डोंगराकडे निघालं होतं, त्या सांगू लागल्या. सुंदरदादाही वेशीबाहेर पोचला होता. पण खळ्यावरच्या कडब्याच्या गंजी पेटलेल्या दिसल्या, तिकडून रडणं ऐकू आलं आणि तो एकटाच माघारी फिरला. पुढचं त्या कधी कोणाजवळ बोलल्या नव्हत्या. आईने तशी शपथच घातली होती. हे गावाला कळलं तर गाव आपल्याला दारात उभं करणार नाही, असं ती मरेपर्यंत म्हणायची.

"आता आई न्हाई. माझंबी काय राह्यलंय," त्या म्हणाल्या. त्यांनी दगडाच्या पाठीवर सावकाश हात फिरवला.

"छातीला कशी लागंल गोळी, पोरी? छातीशी मी व्हते."