चुंबकाचा जोर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका गेल्या, तरी मालविकेने उंबरठा धुवायला घेतला नाही. डॉक्टरांनी मेंदूच्या उपचारासाठी दिलेल्या चुंबकाच्या टोपीने तिचा सारखी धुवाधुवी करण्याचा जुना मंत्रचळ पार घालवला होता. आतल्या खोलीत लेक तापाने फणफणली होती.

"अगं, तिच्या कपाळाला हात तरी लाव!" अच्युत म्हणाला.

"उतरेल हो. उगाच काय घाबरता?"

बायकांसमोर शोभा नको, म्हणून डॉक्टरांना न विचारता त्यानेच टोपीचा जोर वाढवला होता. आता त्याने ते कबूल केले. ती संतापेल, निदान रडेल, या आशेने तो थांबला.

"असू दे," ती हसून म्हणाली.

आतून "आई गं" अशी हाक आली. दोघांनीही ती ऐकली. अच्युत एकटाच उठला.