पाणी

टक, टक, टक. आतल्या खोलीत दिवाकरनं खाटेच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजवायला सुरुवात केली. त्याला पाणी हवं होतं.

इंदूनं ऐकलं. ती येशूच्या तसबिरीपुढे गुडघ्यांवर बसली होती, हातात रोझरीची जपमाळ होती आणि माळेच्या पाच भागांपैकी, पाच रहस्यांपैकी, दुसरं नुकतंच सुरू झालं होतं. तिनं डोळे आणखी घट्ट मिटले आणि आवाज चढवला. "नमो मरिये, कृपापूर्णे..." पाचही रहस्यं संपायला अजून बारा-पंधरा मिनिटं होती. एप्रिलचं रायपूर. कूलरमधूनसुद्धा गरम हवा येत होती.

चमचा वाजत राहिला, मग मंदावला, मग थांबला.

माळेचं चुंबन घेऊन ती उठली. ग्लास भरून आत गेली आणि त्याच्या ओठांना लावला. तो घटाघटा प्यायला. निम्मं पाणी गळ्यावरून उशीवर सांडलं. तिनं ते पुसलं नाही.

लकवा होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली, राहिला तो डावा हात. तेव्हापासून नवऱ्याला भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं सगळं इंदू एकटी करत होती. त्याच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती. पॅरिशमध्ये, चर्चच्या मंडळीत, लोक तिचं नाव आदरानं घ्यायचे. फक्त संध्याकाळचं हे पाणी कोणाला माहीत नव्हतं. आधी ती हातातली एक प्रार्थना पूर्ण करून उठायची. मग एक रहस्य. आता पूर्ण माळ.

त्याच आठवड्यात चर्चच्या महिला संघातली निधी नावाची तरुणी घरी आली. खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच म्हणाली, "आंटी, या रविवारी दैवी दयेचा सण आहे ना? चर्चमध्ये मिस्सानंतर तुमचा सत्कार करायचं ठरलंय. सब लोग एकदम खुश हैं. म्हणतात, दया पाहायची असेल तर इंदू आंटीच्या घरी जाऊन पाहा."

इंदूनं हातातली चहाची बशी खाली ठेवली. "नको गं," ती एवढंच म्हणाली. निधीला तो विनय वाटला.

शनिवारी शेजारणीला घरी बसवून ती शंकर नगरहून ऑटोनं चर्चला गेली. पापस्वीकाराच्या रांगेत चौघं होती. दोनदा तिनं मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं. शेवटी फादरांच्या जाळीसमोर गुडघे टेकले आणि सगळं सांगून टाकलं. तो तहानलेला असतो ते मला माहीत असतं. मी मुद्दाम हळू म्हणते. परवा तर प्रार्थना अर्धी टाकून उठले, आत गेले, त्याच्या हातातला चमचा हिसकावून घेतला आणि परत येऊन बसले.

"आणि फादर, मले बरं वाटते," ती म्हणाली. "त्याचीच भीती वाटून राहिली. बरं वाटते मले."

जाळीपलीकडे फादर थोडे जवळ सरकले. मग हळूच विचारलं, "उन्होंने आपके साथ कुछ किया था, दीदी?"

"त्यांचं त्यांनी सांगावं. मी माझं सांगाले आली."

फादरांनी पुढे विचारलं नाही. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकही प्रार्थना दिली नाही. म्हणाले, "कल जब वो चम्मच बजाएँ, माला बीच में ही छोड़ देना. माता मरिया इंतज़ार कर लेंगी. प्यासा आदमी क्यों करे?"

बाहेर येऊन तिनं निधीला फोन लावला. "सत्कार नको म्हणजे नको. काहून ते विचारू नको, बेटा."

रविवारी संध्याकाळी ती पुन्हा तसबिरीपुढे बसली. दोन रहस्यं झाली. तिसऱ्याच्या मध्यावर चमचा वाजला. सवयीनं तिचे डोळे मिटले, आवाज चढू लागला. माळेवरची बोटं सुटेनात. तिला वाटलं, हे एक रहस्य तेवढं पुरं करावं. चमचा वाजतच होता. वाक्य अर्ध्यात तोडून ती उठली. माळ तशीच जमिनीवर राहिली. तिनं माठातलं गार पाणी ग्लासात घेतलं आणि भरभर आत गेली.

दारात तिची पावलं वाजली आणि चमचा एकदम थांबला. प्रार्थना संपली नव्हती, हे दिवाकरलाही कळत होतं; मागच्या वेळी ती अशी मधेच उठून आली, तेव्हा तिनं चमचा हिसकावला होता. त्याच्या हातातून चमचा खाली पडला. त्यानं मान भिंतीकडे वळवली, खांदा आक्रसला आणि तो एकच धड हात कोपरात वाकवून तोंडावर आडवा धरला.

इंदू उंबऱ्यातच थबकली. तसा हात धरणं तिला माहीत होतं. सिलतऱ्याच्या कारखान्यातून ड्यूटी संपवून त्याची स्कूटर फाटकापाशी थांबली की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी राहून तिनं वीस वर्षं स्वतःचा हात अगदी असाच धरला होता.

ग्लासातलं पाणी हिंदकळलं.  मग जाऊन खाटेच्या काठावर बसली. त्याचा हात हळूहळू खाली घेतला.  तिनं त्याच्या मानेखाली तळवा घातला, डोकं वर उचललं आणि ग्लास ओठांशी नेला.

"प्या," ती म्हणाली. "भिऊ नका. या घरात आता कोणी कोणाले मारत नाही."