मार्गदर्शकाची सही

पाचव्या भेटीतही मॅडमनी सगळं वहीत लिहून घेतलं, वही पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली, तेव्हा समोर बसलेल्या नव्या शिक्षिकेने मनातल्या मनात भेटी मोजल्या. आता एकच भेट उरली होती.

विद्यापीठाचा नियम सरळ होता. नव्या शिक्षकाने पहिल्या सत्रात एका अनुभवी मार्गदर्शकाला सहा वेळा भेटायचं आणि शेवटी पिवळ्या कार्डावर त्यांची सही घ्यायची. सही असेल तर नोकरी कायम, नसेल तर गाशा गुंडाळा. मार्गदर्शक मुद्दाम दुसऱ्या विभागातला देत, म्हणजे माणूस मोकळेपणी बोलतो. ती रसायनशास्त्र शिकवायची, आणि मॅडम मैदानापलीकडच्या इमारतीत संख्याशास्त्र.

मोकळेपणा राहिला बाजूलाच. तिचा नवरा आणि पाच वर्षांची लेक अजून जुन्याच गावी होते. नोकरी कायम झाली की दोघं इकडे येणार होते. लेक रोज फोनवर एकच विचारायची, "आई, तुझी सही झाली?" त्यावर ती "होईल हं" म्हणायची.

पहिल्या भेटीच्या वेळी कारकुनाने मान वर न करताच सांगितलं होतं, "बुधवारी चार वाजता, खोली चौदा. तिथे भेटतील." कोण भेटतील हे विचारायच्या आत त्याने खिडकी लावून घेतली. कामाला वाघच होता, फक्त खिडकी लावायच्या.

खोली चौदात पन्नाशीच्या एक बाई दाराजवळच्या साध्या खुर्चीवर बसल्या होत्या. तिला बघताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"या मॅडम, बसा," त्या म्हणाल्या.

रिकामी होती ती टेबलामागची मोठी खुर्ची तेवढी. तिला कळून चुकलं, ही परीक्षाच आहे. नवी माणसं कशी बसतात, कशी बोलतात, हे बघणार. ती अवघडून मोठ्या खुर्चीच्या कडेवर टेकली. मॅडमनी वही उघडून पेनाचं टोपण काढलं.

"सुरुवात तुम्हीच करा ना," मॅडम म्हणाल्या.

तिने केली. नुसत्या अडचणी सांगितल्या तर आपण कच्च्या वाटू, म्हणून प्रत्येक अडचणीला एक उपायही जोडून दिला. मुलं गप्पा मारतात, तर आपण आवाज चढवू नये, उतरवावा. एखादा उशिरा येतो, तर त्यालाच फळा पुसायला लावावा. मॅडम शब्द न शब्द टिपत होत्या. निघताना त्यांनी थर्मासमधून चहासुद्धा दिला. मार्गदर्शकानेच चहा आणायचा म्हणजे फारच झालं, असं तिला वाटलं.

"त्या स्वतः काही सांगतच नाहीत?" नवऱ्याने फोनवर विचारलं.

"छे. नुसतं विचारतात आणि लिहून घेतात."

"मग चांगल्याच मुरलेल्या असणार. जपून राहा."

तिसऱ्या भेटीत मॅडमनी पेन खाली ठेवून विचारलं, "समजा, एखादी नवी शिक्षिका आहे. वर्गात पाऊल टाकलं की तिचे हातपाय गार पडतात. तिने काय करावं?"

 ही तर तिचीच गत होती. यांना कोणी सांगितलं?

"तिने पहिली पाच मिनिटं बोलूच नये," ती सुचेल तसं बोलत गेली. "मुलांनाच एक प्रश्न विचारावा आणि ऐकत राहावं. तोवर धीर येतो."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच तो उपाय करून पाहिला. आश्चर्य म्हणजे धीर आला. मुलं बोलली, ती हसली, आणि तास कधी संपला ते कळलंच नाही.

पंधरा दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "तुमचा तो उपाय लागू पडला बरं का." यांनी वर्गाबाहेर उभं राहून चोरून ऐकलं की काय, या विचाराने तिला दरदरून घाम फुटला.

आणि आज सहावी भेट. तिने रात्रीपासून घोकलेलं सगळं बाजूला सारलं.

"मॅडम, खरं सांगते," ती म्हणाली. "ते सगळे उपाय मी इथे बसून जुळवले. मला काही म्हणता काही येत नव्हतं. तुम्ही विचारत गेलात, म्हणून मी विचार करत गेले. हे सत्र तुमच्यामुळे निभावलं."

तिने पिवळं कार्ड टेबलावर ठेवलं.

मॅडम त्या कार्डाकडे बघतच राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यांनी तोंडावर हात दाबला आणि त्यांचे खांदे हलू लागले. संपलं, तिला वाटलं. लेकीला काय सांगायचं?

"पेन द्या," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या.

त्यांनी मार्गदर्शकाच्या ओळीवर ठसठशीत सही केली. तिचा जीव भांड्यात पडला. सहा भेटींत पहिल्यांदाच ती मोठ्या खुर्चीत पाठ टेकून बसली. कधी एकदा बाहेर जाऊन लेकीला फोन करते, असं तिला झालं.

"तुम्ही खरंच चांगलं शिकवता," मॅडम म्हणाल्या. "वीस वर्षं कारखान्यात काढली, पण असं समजावून सांगणारं कोणी भेटलं नाही."

"कारखान्यात?"

मॅडमनी पर्सची चेन उघडली, वही काढली, आणि त्या वहीतून एक पिवळं कार्ड काढून टेबलावरून तिच्यापुढे सरकवलं. 'नवीन शिक्षक' या शब्दांपुढे मॅडमचंच नाव होतं, आणि मार्गदर्शकाची ओळ कोरी होती.