दोराखाली कोण

संध्याने मुंबईत एक जुनी शिडाची होडी घेतली होती. शिडाचे दोर ओढून धरणाऱ्या दोन्ही विंच झिजल्या होत्या आणि नव्या कोणत्या बसवाव्यात हे ठरत नव्हते, म्हणून गावी जाफराबादला आल्यावर तिने मोबाइलवरची चित्रे वडिलांना दाखवली. विहिरीतली दगडमाती वर ओढणाऱ्या यारीवर तातेरावांचे अर्धे आयुष्य गेले होते.

"समुद्र पाह्यला न्हाई अन् निघाले होडी दुरुस्त करायला," संध्याच्या आईने टोमणा मारला.

तातेरावांनी तिकडे लक्ष दिले नाही. "दोर सुटला तर खाली किती माणसं असतात?"

"खाली कोणी नसतं, बाबा. पाणी असतं."

"मंग कोणतीबी घे की! उगाच सकाळपसून डोकं खाऊन राह्यली." मोबाइल परत देऊन त्यांनी चहाचा कप उचलला.

"फक्त शिडाची दांडी गरकन फिरते. मधे कोणी आलं तर त्याला लागतं."

"मधे कोण येतं?"

"मीच. होडीवर दुसरं असतंच कोण?"



तातेरावांनी कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि मोबाइलसाठी हात पुढे केला. "पह्यल्यापसून दाखव."