धुक्याची राणी

आमच्या घरी फासे टाकून खेळायचा एक खेळ चालतो. गोष्ट मी सांगतो आणि दादा-वहिनी त्यातले योद्धे होतात. माझ्या आजवरच्या सगळ्या खलनायकांना दोघांनी हसत हसत लोळवलं होतं. दादा तर म्हणायचा, "तुझा राक्षस म्हणजे नुसतं बुजगावणं असतं रे!" म्हणून या वेळी मी हट्टाने धुक्याची राणी तयार केली. तिच्याकडे ना तलवार, ना विष. ती फक्त हळू बोलते, आणि जो तिचं ऐकतो तो कायमचा तिचा होतो.

दादा फासे टाकून तिच्याशी लढला आणि सुटला. मग वहिनीची पाळी आली. बाळ तिच्या खांद्यावर नुकतंच शांत झालं होतं, त्यामुळे राणीचा आवाजही मी अगदी कुजबुजत काढला. "ये. तलवार खाली ठेव. बाहेर सगळीकडे धुकं आहे, आत अंथरूण घातलंय. इथे कुणी हाक मारत नाही. बाकीचं मी बघते, तू झोप."

वहिनीने फासे उचललेच नाहीत. बाळाला थोपटत तिने विचारलं, "भाऊजी, खरंच कुणी उठवत नाही?"

"कुणीच नाही."

"मग ठेवली तलवार."

दादा दबक्या आवाजात ओरडला, "अगं, वेडी आहेस का? लढ ना! शत्रू आहे ती आपली. सगळं राज्य जाईल!"

"जाऊ दे," वहिनी डोळे मिटत म्हणाली. "बाळ झाल्यापासून मला 'तू झोप' म्हणणारं या घरात पहिल्यांदाच कुणीतरी आलंय."