तेवत ठेवलेला लॅपटॉप

झुंबरबाई कळंबहून एसटीनं नारायणगावला आल्या त्या मुलाचा लॅपटॉप मांडीवर उघडा धरूनच. पडद्यावरच्या फोटोत तो, स्वराज, हसत होता.

"भाऊ, ह्यो लई तापतोय. पण बंद पडू देऊ नका."

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातल्या आदेशनं तो हातात घेतला. बॅटरी टम्म फुगून कीबोर्ड मधोमध वर आला होता.

"मावशी, चार्जर कधी काढतच नाय का?"

"न्हाई, आज एसटीत बसायला काढला तेवढाच. नवरात्रातल्या दिव्यावानी जपलाय. मी आन् सून पाळीपाळीनं बसतो. पडदा काळा व्हायच्या आत बोट फिरवायचं."

"देवाचा दिवा हाय का ह्यो? भडकला असता तर घर जळालं असतं." आदेशनं घाईघाईनं बटण दाबून धरलं. स्वराज विझला.

झुंबरबाईंचा पुढं आलेला हात तसाच राहिला.

"घाबरू नका मावशी. नवी बॅटरी टाकली की पहिल्यासारखा चालू व्हतो. फक्त पासवर्ड मागंल. लेकाला फोन लावून इचारा."

झुंबरबाई काळ्या पडद्याकडं बघत म्हणाल्या, "त्याला फोन लागत असता, तर मी बोट कशाला फिरवत बसले असते, भाऊ?"